विडंबनकवि केशवकुमार

विनोद हा वाङ्मयाचा हलका प्रकार होय, अशी समजूत आपल्या समाजांत पुष्कळ काळ रूढ होती, व ती अद्यापि समूळ नाहींशी झाली आहे असें म्हणवत नाहीं. जो रडवितो तो थोर आणि जो हसवितो तो गमत्या, असा निवाडा आपण नकळत देऊन मोकळे होतों. परंतु दुसऱ्यास हसविण्याकरितां किती अभ्यास लागतो, आणि त्या हसण्यांतून भाषेचें केवढें हित साधतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं प्रल्हाद केशव अत्रे ऊर्फ केशवकुमार यांचें चरित्र अवश्य वाचावें. शिक्षक, कवि, नाटककार, पत्रकार, वक्ते, चित्रपटकार अशा अनेक नात्यांनीं ते महाराष्ट्रास परिचित आहेत. त्यांच्या या सर्व उद्योगांचें बीज मात्र एका लहानशा पुस्तकांत सांपडतें. तें पुस्तक म्हणजे 'झेंडूचीं फुलें'.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजीं पुणें जिल्ह्यांत सासवडजवळच्या कोढीत या खेड्यांत झाला. कऱ्हा नदीच्या कांठीं वसलेलें सासवड हें संत सोपानदेवांच्या समाधीमुळें प्रसिद्धीस आलेलें जुनें गांव. या नदीवर अत्रे यांचें इतकें प्रेम कीं, पुढें आपल्या विस्तृत आत्मचरित्रास त्यांनीं 'कऱ्हेचें पाणी' असेंच नांव दिलें. सासवडच्या शाळेंतून ते शिक्षणासाठीं पुण्यास आले व फर्ग्युसन कॉलेजांतून पदवीधर झाले. विद्यार्थिदशेंतच त्यांस राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. गडकरी हे 'गोविंदाग्रज' या नांवानें कविता आणि 'बाळकराम' या नांवानें विनोदी लेख लिहीत. गंभीर व विनोदी असे दोन प्रवाह एकाच लेखणींतून कसे वाहूं शकतात, याचा पाठ अत्रे यांस तेथेंच मिळाला. २३ जानेवारी १९१९ रोजीं, वयाच्या ३४ व्या वर्षींच, गडकरी निवर्तले. परंतु अत्रे त्यांस आजन्म गुरु मानीत राहिले.

त्या काळीं मराठी कवितेंत मोठी चळवळ चालू होती. केशवसुतांनीं घालून दिलेल्या नव्या मार्गानें अनेक तरुण कवि निघाले होते. १९२३ च्या सुमारास पुण्यांत 'रविकिरण मंडळ' स्थापन झालें. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर हे त्यांतील प्रमुख कवि होत. या मंडळींनीं कविता पुस्तकांतून बाहेर काढली व सभांतून गाऊन दाखवून ती घरोघर पोंचविली. हें त्यांचें कार्य लहान नव्हें. परंतु कोणतीहि नवी रीत लोकप्रिय झाली कीं तिच्या मागें अनुकरण करणारांची रांग लागते, आणि मूळच्या गुणांपेक्षां दोषच अधिक वेगानें पसरतात. कोणी फारशी शब्दांची खिरापत वाटूं लागला, कोणी संस्कृत समासांची लांबच लांब माळ ओवूं लागला. 'सखे' या हांकेवांचून कवितेचें पान उघडेना. अनुभव थोडा आणि उसासे फार, अशी स्थिति झाली.

या स्थितीवर टीकालेख लिहून इलाज करणें शक्य होतें. पण टीकालेख वाचणार कोण? अत्रे यांनीं निराळाच मार्ग धरला. त्यांनीं त्या कवितेची हुबेहूब नक्कल केली, आणि तींत आशय मात्र अगदीं व्यवहारांतला, क्षुद्र असा घातला. 'केशवकुमार' या टोपणनांवानें लिहिलेल्या या विडंबनांचा संग्रह १९२५ सालीं 'झेंडूचीं फुलें' या नांवानें प्रसिद्ध झाला. नांवांतच थट्टा आहे. इतर कवि आपल्या संग्रहांस नाजूक व सुवासिक फुलांचीं नांवें देत असतां, दसऱ्याच्या दिवशीं ढिगांनीं विकलें जाणारें, भडक रंगाचें आणि गरिबालाहि परवडणारें फूल यांनीं निवडलें. आपलें नाशिक एके काळीं गुलशनाबाद म्हणून ओळखलें जाई. तरी दाराच्या तोरणास आपणही गुलाब लावीत नाहीं, झेंडूच लावतों, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या नांवाचें मर्म कळतें.

विडंबन म्हणजे काय, हें या पुस्तकावरून नीट समजतें. 'प्रेमाचा गुलकंद' या कवितेंत एक प्रेमवीर आपल्या प्रियेस नियमानें गुलाबाचें फूल नेऊन देतो. ती तें मुकाट्यानें घेते. पुष्कळ दिवस लोटल्यावर तो अधीर होऊन फळाची अपेक्षा करतो, तेव्हां ती गृहदक्ष मुलगी आंत जाते आणि त्या सर्व फुलांच्या घातलेल्या गुलकंदाची बरणी आणून त्याच्यापुढें ठेवते. दुसऱ्या एका कवितेंत कपडे घेऊन गेलेल्या परिटाची वाट पाहणारा मनुष्य विरहिणीच्या सुरांत आळवणी करतो. तिसरी कविता चहाच्या पेल्यांत पडलेल्या माशीस उद्देशून असून तिचें शीर्षकच इतकें लांब व समासप्रचुर आहे कीं, तें एका श्वासांत उच्चारतां उच्चारतां वाचकास हसूं आवरत नाहीं. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांचेंहि विडंबन येथें आहे. काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी त्या काळीं चार आणे होती. तेवढ्या चार आण्यांत देशभक्त होण्याची सोय झाली आहे, असा उपदेश कवीनें मनास केला आहे. यांत थट्टा रामदासांची नव्हे, स्वस्त देशभक्तीची आहे.

या सर्वांत एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तांत आहेत. त्याच्या प्रत्येक चरणांत बारा अक्षरें व चार य-गण असतात. अत्रे यांनीं विडंबन केलें तेव्हां त्यांतील एक मात्राहि ढळूं दिली नाहीं. ज्या कवीची थट्टा करावयाची त्याचें वृत्त, त्याचे आवडते शब्द, त्याची वाक्यें वळविण्याची लकब, हें सर्व त्यांनीं इतकें आत्मसात् केलें होतें कीं, वाचणाऱ्यास मूळ कवीचाच आवाज ऐकूं यावा. मूळ कविता पाठ नसेल तर विडंबन साधत नाहीं. आणि ती ऐकणाऱ्यासहि माहीत नसेल तर त्याला हसूं येत नाहीं. म्हणजे विडंबन हें एका अर्थीं मूळ कवितेच्या कीर्तीचेंच प्रमाणपत्र होय. अप्रसिद्धाचें विडंबन कोणी करीत नाहीं.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. इंग्लंडांत लुईस कॅरल यानें १८६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ॲलिसच्या गोष्टींत, त्या काळच्या शाळांतून मुलांकडून घोकून घेतल्या जाणाऱ्या उपदेशपर कवितांचीं विडंबनें घातलीं आहेत. आयझॅक वॉट्सच्या कवितेंतील उद्योगी मधमाशीच्या जागीं त्यानें आळशी व धूर्त मगर आणून बसविली. आज मूळ कविता थोड्यांसच ठाऊक आहे. मगर मात्र सर्वांस परिचित आहे. त्याच देशांत 'बॅरन नाइट्स' नांवाच्या गायकवृंदानें १९६४ सालीं एक गाणें काढलें. त्या वेळच्या लोकप्रिय गायकमंडळ्यांस सैन्यांत भरती केलें तर काय होईल, अशी कल्पना करून, प्रत्येक मंडळीच्या चालीवर व आवाजांत त्यांनीं नवे गमतीचे शब्द बसविले, आणि तें गाणें तेथें अतिशय गाजलें. अत्रे यांनीं पुण्यांत जें कवितेच्या बाबतींत केलें, तेंच यांनीं जवळजवळ चाळीस वर्षांनंतर तबकडीवर केलें. साधन निराळें, पण कला एकच : नक्कल हुबेहूब असावी आणि आशय अनपेक्षित असावा.

आतां असा प्रश्न उत्पन्न होतो कीं, 'झेंडूचीं फुलें' या पुस्तकानें त्या कवींवर अन्याय झाला नाहीं काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. माधव जूलियन हे केवळ हौशी कवि नव्हते. त्यांनीं उमर खय्यामच्या रुबाया मराठींत आणल्या, गझलाचा प्रकार मराठींत रुजविला, आणि 'छंदोरचना' हा छंदःशास्त्रावरील मोठा ग्रंथ लिहिला. अशा परिश्रमी पुरुषाच्या शब्दांवर सारा महाराष्ट्र हसत असेल, तर त्यास काय वाटलें असेल, याची कल्पना आपणांस करतां येते. शिवाय विडंबन मनांत इतकें ठसतें कीं, पुढें मूळ कविता गंभीरपणें वाचणेंहि कठीण जातें. उलट पक्षीं हेंहि खरें कीं, अत्रे यांनीं दोष दाखविले ते कवितेचे. कृत्रिम भाषा व उसनी भावना या दोषांवर हशाचा जो प्रकाश पडला तो पुढील कवींस उपयोगी झाला. चांगल्या कविता त्या हशांतूनहि टिकल्या. जें खरें असतें तें थट्टेनें मरत नाहीं. काळानेंहि याचा निकाल मोठ्या खुबीनें लावला आहे. १९३६ सालीं जळगांवच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान माधव जूलियन यांस मिळालें. आणि १९४२ सालीं आपल्या नाशिकांत भरलेल्या संमेलनाचें अध्यक्षस्थान अत्रे यांनीं भूषविलें. ज्याची थट्टा झाली तो आणि ज्यानें थट्टा केली तो, असे दोघेहि सहा वर्षांच्या अंतरानें एकाच मानाच्या खुर्चीवर बसले. मराठी साहित्याच्या अंगणांत दोघांसहि जागा होती, याहून निराळा पुरावा कशास पाहिजे?

नाशिककरांनीं आणखी एक योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ज्या १९४२ सालीं हें संमेलन येथें भरलें, त्याच सालीं नाशिकचे कवि कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर यांचा 'विशाखा' हा संग्रह प्रसिद्ध झाला. उसासे बाजूस सारून तेजस्वी व निर्भय बोलणारी कविता आतां पुढें आली होती. केशवकुमारांच्या थट्टेनें जी जमीन साफ केली तिचा लाभ अशा नव्या पिकास झाला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

अत्रे यांच्या चरित्राचा दुसरा भाग आपणां शाळेंतील मंडळींस विशेष जवळचा आहे. तरुण वयांतच पुण्याच्या कँप भागांतील कँप एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे ते हेडमास्तर झाले, आणि अनेक वर्षें त्यांनीं ती शाळा सांभाळली व नांवारूपास आणली. अध्यापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाकरितां ते विलायतेस गेले व १९२८ सालीं लंडन विद्यापीठाची शिक्षकाची पदविका घेऊन परत आले. मुलांच्या क्रमिक पुस्तकांची भाषा रुक्ष व बोजड असूं नये, हा त्यांचा आग्रह होता. त्यांतूनच 'नवयुग वाचनमाला' तयार झाली. मुलांच्या ओळखीचें जग, सोपी व गोड भाषा आणि हसतें चित्त या तीन गोष्टी तिच्यांत होत्या. 'आजीचें घड्याळ' ही त्यांची कविता तर महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं पाठ केली आहे. आजीजवळचें तें घड्याळ कोणास दिसत नाहीं, त्यास किल्ली द्यावी लागत नाहीं, आणि तरीहि तिची वेळ कधीं चुकत नाहीं. दुसऱ्यांच्या कवितेची थट्टा करणारा हा पुरुष स्वतः किती साधी व हृद्य कविता लिहूं शके, हें या एका उदाहरणावरून कळेल. त्यांच्या गंभीर कविता 'गीतगंगा' या संग्रहांत आहेत.

पुढें ते रंगभूमीकडे वळले. बोलपटांच्या आगमनानें नाटकमंडळ्या डबघाईस येत होत्या, अशा वेळीं १९३३ सालीं बालमोहन नाटक मंडळीनें त्यांचें 'साष्टांग नमस्कार' हें नाटक रंगभूमीवर आणलें. कोणास व्यायामाचें वेड, कोणास कवितेचें वेड, अशीं नाना वेडें एका घरांत एकत्र आणून त्यांनीं प्रेक्षकांस पोट धरून हसविलें. विडंबनाचीच ही विस्तृत आवृत्ति होय. परंतु 'घराबाहेर' (१९३४) व 'उद्यांचा संसार' (१९३६) या नाटकांत त्यांनीं स्त्रियांच्या दुःखाचीं चित्रें गंभीरपणें रेखाटलीं. १९६२ सालीं आलेलें 'तो मी नव्हेच' हें नाटक प्रभाकर पणशीकर यांच्या अभिनयासह अतिशय गाजलें.

चित्रपटांतहि हाच दुहेरी क्रम दिसतो. १९३८ सालीं आलेल्या 'ब्रह्मचारी' या त्यांच्या कथेवरील चित्रपटानें प्रेक्षकांस मनमुराद हसविलें. तर १९५३ सालीं त्यांनीं काढलेल्या 'श्यामची आई' या चित्रपटानें सर्वांच्या डोळ्यांस पाणी आणलें. साने गुरुजींचें हें पुस्तक १९३३ सालीं आपल्या नाशिकच्याच तुरुंगांत लिहिलें गेलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्यावरील अत्रे यांच्या चित्रपटास १९५४ सालीं, राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच समारंभांत, राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. नाशिकच्या तुरुंगाच्या भिंतींआड निघालेला मातृप्रेमाचा झरा सर्व भारतास दिसावा, आणि तो दाखविणारा हात एका विडंबनकवीचा असावा, ही गोष्ट विनोदास हलका म्हणणारांनीं अवश्य विचारांत घ्यावी. ज्याला रडण्यांतील खोटेपणा ओळखतां येतो, त्यालाच खरें रडणेंहि दाखवितां येतें.

मनुष्याचें चरित्र लिहितांना त्याची उणी बाजू झांकणें योग्य नव्हे. अत्रे यांनीं १९४० सालीं 'नवयुग' साप्ताहिक व १९५६ सालीं 'मराठा' हें दैनिक काढलें. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत 'मराठा' पत्रानें व अत्रे यांच्या वाणीनें जें कार्य केलें त्यास तोड नाहीं. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य निर्माण झालें, त्या यशांत त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु वादाच्या भरांत त्यांच्या लेखणीचा तोल अनेकदां सुटे. ना. सी. फडके यांच्याशीं त्यांचा जो दीर्घकाळ वाद चालला तो मतांपुरता न राहतां व्यक्तींपर्यंत गेला. 'झेंडूचीं फुलें' लिहितांना जी लेखणी गुदगुल्या करी, ती वर्तमानपत्रांत कित्येकदां घाव घालूं लागली. गुदगुल्या केलेल्याचें हसूं आपणांस आजहि येतें. ते घाव मात्र आज वाचवत नाहींत. तथापि त्यांच्या मनांत द्वेष मुरून राहत नसे. ज्या पंडित नेहरूंवर त्यांनीं चळवळीच्या काळीं कठोर टीका केली होती, ते १९६४ सालीं निवर्तल्यावर 'सूर्यास्त' या नांवाची जी लेखमाला त्यांनीं लिहिली, ती मराठींतील उत्कृष्ट मृत्युलेखांत गणली जाते. १३ जून १९६९ रोजीं मुंबईस अत्रे यांचें निधन झालें. त्या वेळीं ते सत्तर वर्षांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या स्नेहसंमेलनांत नकला होतात, गाण्यांच्या चालीवर नवे शब्द रचले जातात, फिशपाँड वाचले जातात. त्यांत गंमत असते, आणि ती असावीहि. परंतु नक्कल करण्यापूर्वीं केशवकुमारांच्या उदाहरणावरून आपण स्वतःस दोन प्रश्न विचारावे. ज्याची थट्टा करावयाची त्याचा आपण पुरता अभ्यास केला आहे काय? आणि आपली थट्टा त्याच्या कृतीची आहे, कीं त्याच्या रूपाची, गरिबीची, बोबडेपणाची? कृति सुधारतां येते. म्हणून तिच्यावरचें हसूं उपकारक होतें. रूप व गरिबी हीं कोणाच्या हातचीं नसतात. म्हणून त्यांवरचें हसूं केवळ जखम करतें. ज्या वर्गबंधूस आपण हसलों तो आपल्याबरोबर हसूं शकला, तरच तो विनोद होय.

पालकांसहि एक विनंति करावीशी वाटते. मुलगा घरीं एखाद्या कवितेची नक्कल करून दाखवूं लागला, तर अभ्यास सोडून चाळे करतो म्हणून त्यास एकदम दटावूं नये. त्यास मूळ कविता म्हणावयास सांगावी. ती त्यास अस्खलित येत असेल, तिचें वृत्त त्यास ओळखतां येत असेल, तर त्याचा भाषेचा अभ्यास उत्तम चालला आहे असें समजावें. येत नसेल, तर तेवढ्या निमित्तानें ती पाठ करून घ्यावी. 'झेंडूचीं फुलें' शाळेच्या अगर गांवाच्या वाचनालयांत मिळूं शकेल. तें वाचतांना शेजारीं माधव जूलियन, यशवंत व गिरीश यांच्या कविताहि ठेवाव्या, म्हणजे दोघांसहि न्याय मिळेल आणि वाचणाऱ्याचा लाभ दुप्पट होईल.